अर्ज, हरकत आणि आडवी बाटली

1884 साली मुंबईच्या कापड गिरण्यांत कामाचे तास सूर्यावर होते. उजाडलं की यंत्रं सुरू, अंधारून आलं की बंद. त्यामुळे वैशाखात पाळी तेरा-चौदा तासांवर जाई आणि जादा वेळेचे जादा पैसे ही कल्पनाच नव्हती. आठवड्याची सुट्टी नव्हती. पगार महिना उलटून गेल्यावर, मालकाच्या सवडीने. 1881 चा पहिला कारखाना कायदा होता खरा, पण कामाच्या तासांबद्दल तो बोलत होता फक्त मुलांपुरता: सात वर्षांखालच्या मुलाला कामावर घ्यायचं नाही आणि सात ते बारा वर्षांच्या मुलाकडून दिवसाला नऊ तासांहून जास्त काम घ्यायचं नाही. मोठ्यांच्या तासांविषयी त्यात अवाक्षर नव्हतं.

या कायद्यात काही बदल हवेत का, हे तपासायला मुंबई सरकारने त्या वर्षी एक आयोग नेमला. मुलॉक नावाचे सनदी अधिकारी त्याचे अध्यक्ष होते. नारायण मेघाजी लोखंडे यांनी ही संधी बरोबर हेरली. लोखंडे सत्यशोधक, जोतीराव फुल्यांचे सहकारी, 'दीनबंधु' पत्राचे संपादक. काही काळ गिरणीत स्टोअरकीपर होते, त्यामुळे आतला कारभार जवळून पाहिलेला. सप्टेंबरमध्ये त्यांनी परळच्या बाजूला कामगारांच्या सभा भरवल्या आणि आयोगापुढे एक अर्ज ठेवला. त्यावर सुमारे 5,500 कामगारांच्या सह्या होत्या.

त्या अर्जातल्या मागण्या आज वाचल्या तरी त्यांची बांधणी डोळ्यांत भरते. रविवारी सुट्टी मिळावी. दुपारी अर्धा तास विश्रांती मिळावी. काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावं आणि सूर्यास्ताला संपावं. मागच्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या 15 तारखेच्या आत हातात पडावा. कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार मिळावा आणि कायमचं अपंगत्व आलं तर त्याच्या पोटापाण्याची सोय व्हावी. अन्यायाचं वर्णन, सरकारच्या दयाबुद्धीला हाक, असलं काही नाही. तास, तारीख, वार. ज्या कारकुनाच्या टेबलावर हा कागद गेला असेल त्याला 'म्हणजे नक्की काय हवंय?' असं विचारायची सोयच ठेवलेली नाही.

म्हणून लगेच काही झालं, असं मात्र नाही. आयोगाचा अहवाल आला आणि सरकारी फडताळात गेला. लोखंडे थांबले नाहीत. 1889 मध्ये दुसरा अर्ज गेला, या वेळी सुमारे 17,000 सह्यांचा. 24 एप्रिल 1890 रोजी मुंबईत दहाएक हजार कामगारांची सभा भरली. त्या सभेत दोन कामगार स्त्रिया बोलल्या, ही गोष्ट त्या काळाच्या मानाने लहान नव्हे. 10 जून 1890 रोजी गिरणी मालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्या वर्षी, 1891 च्या कारखाना कायद्यात साप्ताहिक सुट्टी आली, बायकांच्या कामाला अकरा तासांची मर्यादा पडली आणि मुलांचं किमान वय सातावरून नऊवर गेलं. रविवार हा खंडोबाचा वार, तेव्हा सुट्टी त्याच दिवशी हवी, असा युक्तिवाद लोखंड्यांनी केल्याचं सांगितलं जातं. खरं असेल तर मानलं पाहिजे: साहेबाचा चर्चचा दिवस आणि जेजुरीच्या देवाचा दिवस एकच निघाला, मग नाही कोण म्हणणार?

आता या गोष्टीतला जरा अवघड भाग. हा कायदा एकट्या अर्जामुळे झाला नाही. इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरणी मालकांनाही मुंबईच्या गिरण्यांवर बंधनं हवी होती, कारण स्वस्त मजुरीवर चालणारी मुंबई त्यांच्या बाजारात हात घालत होती. म्हणजे कामगारांच्या कळवळ्याशी ज्यांचा संबंध नव्हता अशा लोकांचाही रेटा त्याच दिशेने होता. यात लोखंड्यांचं श्रेय कमी होत नाही. कायदा बदलण्याच्या जवळपास प्रत्येक कहाणीत असा कुणी अनपेक्षित सोबती सापडतो. वारा आपल्या बाजूने वाहू लागतो तेव्हा आपला कागद तयार असावा लागतो, इतकंच. लोखंड्यांच्या गिरणी कामगार संघटनेला सभासदांची यादी नव्हती, वर्गणी नव्हती, नियमावली नव्हती, असं सरकारी अहवालातही नोंदलेलं आहे. कागद तेवढा पक्का होता.

सह्यांना इतकं महत्त्व का, याचं उत्तर त्याच्याही आधीच्या पुण्यात मिळतं. 2 एप्रिल 1870 रोजी पुणे सार्वजनिक सभा स्थापन झाली. निमित्त होतं पर्वती संस्थानच्या कारभाराबद्दलच्या तक्रारींचं. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक विलक्षण नियम केला: ज्याला सभासद व्हायचं असेल त्याने किमान 50 प्रौढ माणसांनी सही केलेलं मुखत्यारपत्र आणावं. पहिले 95 सभासद अशी 6,000 हून जास्त लोकांची मुखत्यारी घेऊन आले. मतपेटी नव्हती, विधिमंडळात निवडून जायची वाट नव्हती, तरी या लोकांनी प्रतिनिधित्व मोजून दाखवलं. पुढे सरकारला अर्ज पाठवताना 'आम्ही कोण' याचं उत्तर त्यांच्या खिशात होतं.

दीडशे वर्षं उलटली. मतपेटी आली, राज्यघटना आली, 288 आमदारांची विधानसभा आणि 78 जणांची विधान परिषद आली. तरी सामान्य माणूस सरकारपुढे जातो तेव्हा प्रश्न तेच राहतात. मागणी नेमकी काय, ती कुणाच्या अधिकारातली, आणि पाठीशी किती जण.

यातला मधला प्रश्न लोक सर्रास विसरतात. 'कायदा बदला' अशी घोषणा देणाऱ्या मोर्च्यातल्या निम्म्या मागण्या कायद्याच्या नसतातच. आपण ज्याला ढोबळपणे कायदा म्हणतो त्याचे थर असतात. सगळ्यात वर अधिनियम. तो दोन्ही सभागृहांनीच बदलायचा. त्याखाली नियम, ते शासन अधिसूचना काढून बदलतं आणि बरेचदा त्याआधी मसुदा राजपत्रात छापून हरकती व सूचना मागवाव्या लागतात. त्याखाली शासन निर्णय, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेला जीआर. तो मंत्रालयातला एखादा विभाग एका दुपारी बदलू शकतो. आणखी खाली महापालिकेचे, ग्रामपंचायतीचे ठराव. शिष्यवृत्तीची उत्पन्नमर्यादा वाढवायची असेल तर विधानभवनावर धडकून उपयोग नाही. ती मर्यादा बहुधा जीआरमध्ये असते आणि तो जीआर संकेतस्थळावर क्रमांकासह मिळतो. निवेदनात तो क्रमांक, तारीख आणि बदलायचं वाक्य लिहिलं तर समोरचा अधिकारी सावरून बसतो. हे मी जरा जोर देऊन सांगतो आहे, कारण जिल्हाधिकारी कार्यालयात रोज येणाऱ्या निवेदनांचा ढीग ज्याने पाहिलाय त्याला कळेल: 'योग्य ती कार्यवाही व्हावी' या वाक्यावर संपणाऱ्या कागदाचं भवितव्य आवक क्रमांक पडल्याबरोबर ठरलेलं असतं.

विधिमंडळात शिरायच्याही वाटा आहेत. आपला आमदार तारांकित प्रश्न विचारू शकतो, लक्षवेधी सूचना मांडू शकतो. त्याला प्रश्न आयता लिहून दिला तर तो बहुधा खूशच होतो. अधिवेशनाआधी चांगले प्रश्न शोधत फिरणं हे आमदारांच्या कार्यालयांचं एक मोठं काम असतं. विनंती अर्ज समिती नावाचीही एक समिती असते. संसदेतही याचिका समित्या आहेत आणि त्या अगदीच शोभेच्या नाहीत. माजी सैनिकांच्या 'समान हुद्दा, समान निवृत्तिवेतन' या मागणीवर राज्यसभेच्या याचिका समितीने सुनावण्या घेतल्या आणि डिसेंबर 2011 मध्ये मागणी मान्य करावी अशी शिफारस केली. प्रत्यक्ष अधिसूचना निघायला नोव्हेंबर 2015 उजाडला आणि मधल्या काळात माजी सैनिकांना उपोषणं करावी लागली, पण संसदेच्या एका समितीचा अहवाल त्यांच्या हातात होता. अशासकीय विधेयकाची वाट मात्र फार अरुंद. स्वातंत्र्यानंतर संसदेत खासदारांनी स्वतःहून मांडलेली फक्त 14 विधेयकं कायदा बनली आणि शेवटचं बनलं 1970 साली. तरीही ती मांडली जातात, आणि मांडावीत. खासदार तिरुची शिवा यांचं तृतीयपंथीयांच्या हक्कांचं विधेयक 2015 मध्ये राज्यसभेने मंजूर केलं. लोकसभेत ते अडलं, पण सरकारला त्या विषयावर स्वतःचा कायदा आणावा लागला. तो 2019 मध्ये झाला आणि त्यातल्या तरतुदींवर ज्यांच्यासाठी तो केला तेच लोक नाराज झाले, ही वेगळी कथा.

महाराष्ट्रात एखादा कायदा नागरिकांनी किती चिकाटीने ओढत आणला, हे पाहायचं तर जादूटोणाविरोधी कायद्याकडे पाहावं.

डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती 1989 मध्ये स्थापन केली. भोंदू बाबाला गावात उघडं पाडता येतं, पोलिसांत मात्र कशाखाली तक्रार करायची हा प्रश्न कार्यकर्त्यांना रोज पडे. फसवणुकीचं कलम लावावं तर फसलेला माणूसच तक्रार द्यायला तयार नाही, बाबाची भीती. अशा कायद्याची मागणी करणारा अशासकीय ठराव 1995 मध्ये विधान परिषदेत मंजूर झाला. ठरावाने सरकार बांधलं जात नाही, पण विषय सभागृहाच्या नोंदीत आला. पुढे समितीने मसुदा स्वतः तयार केला. अंधश्रद्धा निर्मूलनाच्याच कामातले श्याम मानव यांनीही त्याच्या फेरमांडणीला हात लावला. 2005 च्या हिवाळी अधिवेशनात, नागपूरला, विधानसभेने विधेयक मंजूर केलं. आणि ते विधान परिषदेत जाऊन अडकलं.

अडकलं म्हणजे कसं, तेही समजून घेण्यासारखं आहे. कुणी त्याविरुद्ध मतदान करून ते पाडलं नाही. ते फक्त पुढे सरकलं नाही. 2009 मध्ये विधानसभेची मुदत संपली आणि विधेयक व्यपगत झालं, म्हणजे विधिमंडळाच्या हिशेबी ते कधी नव्हतंच. 2011 मध्ये पुन्हा सुरुवात. अधिवेशन आलं की कार्यक्रमपत्रिकेत नाव, आणि अधिवेशन संपलं की चर्चा राहून गेलेली. विरोध करणाऱ्यांचं म्हणणं होतं की हा कायदा श्रद्धेवरच घाला आहे. वारी, कीर्तन, नवस यांच्यावर उद्या खटले भरतील. वारकऱ्यांच्या काही संघटनाही या भीतीने विरोधात उभ्या राहिल्या.

या काळात समितीने जे केलं त्यातून मसुदा कसा जगवायचा हे शिकता येतं. त्यांनी मसुदा पुन्हा पुन्हा छाटला. मोघम व्याख्या काढून टाकली आणि त्याऐवजी अनुसूची आणली: नेमक्या कोणत्या कृती गुन्हा, त्याची यादी. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण. करणी केली म्हणून एखाद्या बाईची धिंड. साप-विंचू चावला असता दवाखान्यात जाऊ न देणं. बोटाने शस्त्रक्रिया करतो असा दावा. अंतिम कायद्यात अशा 12 नोंदी आहेत. आणि शेवटाकडे एक कलम आहे, त्यात काय गुन्हा नाही हे सांगितलंय: प्रदक्षिणा, यात्रा, हरिपाठ, कीर्तन, प्रवचन, भजन, अगदी नंदीबैलवाल्या जोशाचा सल्ला आणि जमिनीतलं पाणी सांगणाऱ्या पाणाड्याचा सल्लासुद्धा. विवेकवादी चळवळीच्या कार्यकर्त्याला पाणाड्याला संरक्षण देणारं कलम गिळताना काय वाटलं असेल, याची कल्पना करता येते. काही जणांना ही माघार वाटली. मला ती कायदा करण्याच्या कामातली प्रौढ समज वाटते. गर्भवतीला मारहाण करणारा मांत्रिक तुरुंगात जाणार असेल, तर पाणाड्या आणखी काही वर्षं नारळ हातावर घेऊन शेतात फिरला तरी चालेल.

20 ऑगस्ट 2013 रोजी सकाळी पुण्यात ओंकारेश्वराजवळच्या पुलावर दाभोलकरांची गोळ्या घालून हत्या झाली. दुसऱ्याच दिवशी मंत्रिमंडळाने अध्यादेश काढायचं ठरवलं आणि आठवड्याच्या आत तो निघाला. अठरा वर्षं जे सरकलं नाही ते दिवसांत सरकलं. हे खरं असलं तरी त्याचा अर्थ लावताना घाई होते. क्षोभ उसळला त्या दिवशी मंत्रालयात मसुदा तयार पडलेला होता, त्यावरच्या हरकती येऊन गेल्या होत्या, तडजोडी झाल्या होत्या. नाहीतर सरकारने एक समिती नेमून वेळ काढली असती, आणि पुढच्या अधिवेशनापर्यंत सगळं विरलं असतं. अध्यादेशालाही मुदत असते. विधिमंडळ पुन्हा भरल्यापासून सहा आठवड्यांत तो कायद्यात रूपांतरित झाला नाही तर संपतो. म्हणून कार्यकर्ते शोकसभांमधून उठून पुन्हा आमदारांच्या भेटी घेत फिरले. डिसेंबर 2013 मध्ये नागपूर अधिवेशनात दोन्ही सभागृहांनी विधेयक मंजूर केलं. कर्नाटकाने 2017 मध्ये याच धर्तीचा कायदा केला. आणि त्याच कार्यकर्त्यांनी जातपंचायतींच्या बहिष्काराविरुद्ध लावून धरलेला कायदा महाराष्ट्राच्या विधिमंडळाने 2016 मध्ये मंजूर केला. तसा तो देशात पहिलाच.

इतका लांबचा पल्ला प्रत्येकाला गाठायचा नसतो. रोजच्या जगण्यावर परिणाम करणारे कितीतरी निर्णय 'हरकती व सूचना' नावाच्या एका कंटाळवाण्या जाहिरातीतून येतात. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, बारीक टाइपात. मुंबईची 2014 ते 2034 ची प्रारूप विकास योजना फेब्रुवारी 2015 मध्ये अशीच प्रसिद्ध झाली. नकाशे उघडून पाहिले तर उभ्या इमारतींवरून रस्ते गेलेले, वारसा वास्तू गायब, कुठे मैदानाचं आरक्षण भलतीकडे. मग नेहमीचं निषेधाचं वादळ उठलं, पण त्याबरोबर आणखी एक झालं. रहिवासी संघ, वास्तुरचनाकार, कोळीवाडे, फेरीवाले, बेघरांमध्ये काम करणारे गट, सगळ्यांनी आपापल्या वॉर्डाचा नकाशा टेबलावर पसरून हरकती लिहायला घेतल्या. 'हमारा शहर विकास नियोजन अभियान'सारखे गट तर आराखडा यायच्या कितीतरी आधीपासून वस्त्यांमध्ये बैठका घेत होते. हरकतींचा आकडा 65,000 च्या पुढे गेला. एप्रिल 2015 मध्ये, मुदत संपायच्या आधीच, मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी तो आराखडा बाजूला ठेवून दुरुस्त करायला सांगितलं. सुधारित आराखडा 2016 मध्ये आला आणि मंजुरी 2018 मध्ये.

नगररचना कायद्यातली हरकत ही नुसती तक्रार नसते. ती मुदतीत दिली की तिला नियोजन समितीपुढे सुनावणी मिळते आणि तिचं काय केलं ते नोंदवावं लागतं. 'आमचा या आराखड्याला विरोध आहे' या एका ओळीच्या छापील पत्राच्या हजार प्रती आणि अमुक भूखंडावरचं उद्यानाचं आरक्षण का बदलू नये याची चार कारणं देणारी दहा पत्रं, यांत दुसरी कितीतरी जड. पहिलीसुद्धा द्यावीत, आकडा दिसावा लागतो. पण सुनावणीच्या खोलीत बोलायला दुसरीच लागतात.

आकड्याने सगळं होतं, असंही नाही. महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक 2024 मध्ये आलं तेव्हा दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे 12,000 हून जास्त सूचना आल्या. तपास अधिकाऱ्याचा दर्जा, सल्लागार मंडळाची रचना, शीर्षकातले शब्द अशा काही बदलांसह ते जुलै 2025 मध्ये मंजूर झालं. मुळावरचे आक्षेप जिथल्या तिथे राहिले, असं विरोधकांचं म्हणणं आहे. सरकारने एखादी गोष्ट करायचीच ठरवली असेल आणि बहुमत पाठीशी असेल, तर हरकती तिची धार थोडी कमी करतात. तेवढ्यासाठीही त्या लिहाव्यात. सल्लागार मंडळावर कोण बसणार, हा ज्याच्यावर उद्या कारवाई होईल त्याच्या दृष्टीने किरकोळ तपशील नसतो.

न्यायालयाची वाट सगळ्यांना माहीत असते, म्हणून थोडक्यात. पत्रकार शीला बर्से यांनी मुंबईच्या पोलीस कोठड्यांतल्या स्त्रियांची स्थिती सर्वोच्च न्यायालयाला पत्राने कळवली आणि 1983 मध्ये न्यायालयाने आदेश दिले: स्त्रियांसाठी वेगळ्या कोठड्या, पहाऱ्यावर महिला पोलीस. एका पत्राने इतकं होऊ शकतं. पण न्यायालयाने सांगितलेलं विधिमंडळाने कायद्यात उतरवायला वेळ लागतो. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबद्दल विशाखा निकाल 1997 चा, कायदा 2013 चा. सोळा वर्षं.

या सगळ्या वाटांवर एक साधन आता बहुतेकांच्या हातात असतं: माहितीचा अधिकार. तोही असाच मिळवलेला. राजस्थानात मजूर किसान शक्ती संघटनेने दुष्काळी कामांची हजेरीपत्रकं मागितली, कारण कागदावर मजुरी वाटलेली आणि मजुरांच्या हातात नाही. 1994 च्या डिसेंबरमध्ये पहिली जनसुनावणी झाली. 1996 मध्ये ब्यावर शहरात चाळीस दिवसांचं धरणं झालं. तिथून मागणी गावाबाहेर पडली. न्यायमूर्ती पी. बी. सावंत प्रेस कौन्सिलचे अध्यक्ष असताना त्यांनी कायद्याचा मसुदा करून दिला. इथेही पुन्हा तेच: धरण्यावर बसलेल्यांच्या हातात कुणीतरी मसुदा दिला. महाराष्ट्रात 2000 साली केलेला कायदा इतका लेचापेचा होता की अण्णा हजारे आणि सहकाऱ्यांनी तो बदलायलाच लावला. नव्या कायद्यावरची राष्ट्रपतींची संमती ऑगस्ट 2003 मध्ये आली, अण्णा आझाद मैदानात उपोषणाला बसल्यावर. माहिती द्यायला उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला दिवसाला 250 रुपये दंड, ही तरतूद महाराष्ट्राच्या कायद्यात होती. 12 ऑक्टोबर 2005 पासून देशभर लागू झालेल्या कायद्यातही ती आहे, जास्तीत जास्त 25,000 रुपयांपर्यंत. अधिकाऱ्याच्या स्वतःच्या पगारातून पैसे जातात, या एका ओळीने जे काम केलं ते पारदर्शकतेवरच्या शंभर भाषणांनी झालं नसतं. तो कायदा तेव्हापासून कुरतडलाही जातो आहे. 2019 मध्ये आयुक्तांच्या मुदती आणि वेतन ठरवायचा अधिकार केंद्राने स्वतःकडे घेतला. 2023 च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने व्यक्तिगत माहितीबद्दलचं कलम असं बदललं, की व्यापक जनहित असेल तर माहिती द्यावी ही त्यातली सोय गेली. दुरुस्ती कुठून येईल सांगता येत नाही; दुसऱ्याच कायद्याच्या शेवटच्या पानावरून येऊ शकते.

आता महाराष्ट्राची अशी एक तरतूद, जिच्यात अर्ज, सह्या आणि मतदान एकाच ठिकाणी येतात आणि जी वापरली आहे मुख्यतः बायकांनी. गावातलं किंवा वॉर्डातलं परवानाधारक दारू दुकान बंद करायचं असेल तर 25 टक्के महिला मतदारांनी, किंवा एकूण मतदारांपैकी तितक्यांनी, सह्यांचा अर्ज द्यायचा. राज्य उत्पादन शुल्क विभाग सह्यांची पडताळणी करतो. मग गुप्त मतदान. मतपत्रिकेवर दोन चित्रं: उभी बाटली म्हणजे दुकान राहू दे, आडवी बाटली म्हणजे बंद. 2008 च्या आदेशाने ही पद्धत आजच्या रूपात आली आणि 'बाटली आडवी करणं' हा वाक्प्रयोग ग्रामीण महाराष्ट्रात रुळला.

त्याच्या शेजारीच दुसरं उदाहरण ठेवून पाहावं. चंद्रपूर जिल्ह्यात दारूबंदीसाठी बायका 2010 च्या डिसेंबरमध्ये चिमूरहून नागपूरच्या अधिवेशनावर चालत गेल्या. श्रमिक एल्गार संघटना आणि पारोमिता गोस्वामी पुढे होत्या. शेजारच्या गडचिरोलीत 1993 पासून बंदी होती, ती लोकआंदोलनातूनच आलेली. चंद्रपूरची बंदी 1 एप्रिल 2015 ला लागू झाली आणि मे 2021 मध्ये मंत्रिमंडळाने उठवली. कारण दिलं अवैध दारू आणि वाढलेले गुन्हे. बंदी योग्य होती की नाही यावर माझं मत इथे महत्त्वाचं नाही. पाहण्यासारखं हे की मंत्रिमंडळाच्या एका बैठकीत मिळालेलं दुसऱ्या बैठकीत गेलं. गावाने मतदान करून आडवी केलेली बाटली अशी मुंबईतल्या एका दुपारी उभी राहत नाही. ते दुकान तिथल्या तिथल्या मतांनी बंद झालेलं असतं.

या मतदानात एक मेख आहे, आणि ती कळल्याशिवाय कुणी अर्ज देऊ नये. आडव्या बाटलीला झालेल्या मतदानाच्या निम्म्याहून जास्त मतं मिळून भागत नाही. यादीतल्या एकूण मतदारांच्या निम्म्याहून जास्त लागतात. 1,000 महिला मतदारांच्या गावात 600 जणी आल्या आणि 480 जणींनी बाटली आडवी केली, तर पाचात चार जणींनी दुकान नको म्हटलेलं असतं आणि दुकान सुरू राहतं. माहेरी गेलेली, मुंबईला धुणीभांडी करायला गेलेली, ऊसतोडीला कारखान्यावर गेलेली, यादीत नाव राहून गेलेली मयत सासू, या सगळ्यांची मतं आपोआप उभ्या बाटलीला पडतात. म्हणून ज्या गावांनी हे जमवलं तिथल्या बायकांचं काम सभांनी सुरू होत नाही. त्या आधी तहसीलदार कार्यालयातून मतदार यादी आणतात आणि घर घर फिरून बघतात, कोण गावात आहे, कोण कधी परत येणार, कुणाचं नाव वगळायला अर्ज करावा लागेल. सह्या त्यानंतर.